आंबोलीची रोड ओपनिंग पार्टी

आंबोलीला वर्षाला सरासरी ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दिल्लीला पावणेआठशेच्या आसपास. म्हणजे दिल्लीत नऊ वर्षांत पडतो तेवढा आंबोलीत एका वर्षात पडतो, आणि तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हे आकडे मला पाठ आहेत, कारण माझी दोन घरं या दोन ठिकाणी आहेत. आमचं मूळ गाव आंबोली, तालुका सावंतवाडी, जिल्हा सिंधुदुर्ग. बाबा दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका कार्यालयात ड्रायव्हर आहेत, त्यामुळे आई, बाबा आणि धाकटी बहीण तिकडे राहतात. मी सहावीपासून हॉस्टेलला. पावसाळ्यात मी शाळेत असतो. गावी जाणं होतं ते मे महिन्यात, बाबांना रजा मिळते तेव्हा. लहानपणी एक-दोनदा गणपतीला गेलो होतो, पण त्यातले मोदक तेवढे आठवतात.

मे महिन्यातला आंबोलीचा सडा म्हणजे आपलं परेड ग्राउंडच. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार. गवत वाळून गेलेलं, दगड तापलेला, एक थेंब पाणी नाही. तिथे मी काकांबरोबर क्रिकेट खेळलो आहे. तिथे कोणी प्राणी राहत असेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

यंदा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात नववी-दहावीच्या ३६ कॅडेट्सचं निसर्ग शिबिर आंबोलीला ठरलं. तीन दिवस, तीन रात्री. रविवारी फोनच्या वेळेत मी बाबांना सांगितलं. मला वाटलं, ते खूश होतील, काकांकडे जाऊन ये म्हणतील. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सड्यावरचे ते पिवळे बेडूक अजून वरडतत काय, तेवढा बघून ये."

मी विचारलं, कुठले पिवळे बेडूक? पण रांगेत मागे सात जण उभे होते आणि माझी वेळ संपली.

भूगोलाच्या पुस्तकात वर्षावन म्हटलं की ॲमेझॉन आणि काँगो येतं. तिथे विषुववृत्ताजवळ बारा महिने पाऊस असतो. आपल्या सह्याद्रीतलं वर्षावन वेगळं आहे, हे आम्हाला पहिल्याच दिवशी आमच्या वाटाड्या दादांनी समजावलं. अरबी समुद्रावरून आलेले वारे सह्याद्रीच्या भिंतीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. चार महिने कोसळतं, मग आठ महिने जवळजवळ काही नाही. त्यामुळे इथलं जंगल सदाहरित आणि निमसदाहरित आहे. झाडं मुख्यतः अंजनी, जांभूळ, पिसा यांची. वारा जोराचा आणि माती कमी, म्हणून ती फार उंच होत नाहीत, पण एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की दुपारी दोनला संध्याकाळ वाटते. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. त्यातली चार महाराष्ट्रात आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. आंबोली त्यात नाही. हे ऐकून मला उगीचच राग आला.

दादा म्हणाले, "चार महिन्यांत सगळं उरकायचं असतं. अंडी, पिल्लं, खाणं, वाढणं. इथे प्रत्येकाला घाई आहे. तुम्ही तेवढी घाई करू नका."

पहिली ओळख जळवांशी झाली. जळू चावलेली कळत नाही, कारण दुखत नाही. ती रक्त गोठू न देणारा पदार्थ जखमेत सोडते, म्हणून ती पडून गेल्यावरही रक्त वाहत राहतं. संध्याकाळी बूट काढल्यावर मोजे लाल. उस्तादांनी मोजणी केली. आमच्या हाउसने ४१ चाव्यांनी पहिला नंबर पटकावला. यंदा आम्ही जिंकलेली ती एकमेव चॅम्पियनशिप.

रात्री आठला पहिली नाइट वॉक. दादांनी नियम सांगितले: दोन माणसांत तीन पावलांचं अंतर, बोलणं बंद, हात कशालाही लावायचा नाही, आधी डोळे फिरवायचे आणि मग पाय. उस्ताद हसले. त्यांनी मिझोराममधल्या वैरेंगते इथल्या सेनेच्या जंगल युद्ध प्रशालेत कोर्स केलेला आहे. "हे तर आमचंच पॅट्रोलिंग," ते म्हणाले. त्यानंतर मात्र तीन दिवस तेही दादांच्या मागे तीन पावलांवर चालत होते.

एका पाण्याच्या टाकीवर झुकलेल्या फांदीला पांढरा फेस लटकत होता. कोणी साबणाचं पाणी टाकलं असावं असं वाटलं. ते मलबारी उडत्या बेडकाचं घरटं होतं. मादी अंगातून एक द्रव सोडते आणि मागच्या पायांनी घुसळून त्याचा फेस करते. त्यात अंडी घालते, पानं त्याला चिकटवून घेते. काही दिवसांनी पिल्लं फेसातून सुटतात आणि थेट खालच्या पाण्यात पडतात. मादीने घरटं बांधण्याआधीच खाली पाणी आहे याची खात्री केलेली असते. ती स्वतः शेजारच्या फांदीवर बसलेली होती, पोपटी हिरवी, बोटांमध्ये नारिंगी पडदे. ती पडदे पसरते तेव्हा झाडावरून दहा-बारा मीटर तरंगत जाऊ शकते. आमच्यासमोर ती तरंगली नाही. ३६ टॉर्च तोंडावर असताना कोण तरंगेल? दादांनी टॉर्च जमिनीकडे करायला सांगितले.

थोडं पुढे कमरेच्या उंचीवर एका वेलीवर मलबारी चापडा होता. हा विषारी साप हिरवा, पिवळा, तपकिरी अशा अनेक रंगांत सापडतो. आमचा तपकिरी होता आणि तो शेवाळलेल्या वेलीचाच भाग वाटत होता. माझ्या पुढचे नऊ जण त्याच्या हातभर अंतरावरून निघून गेले होते. डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये त्याला एक खळगा असतो. त्यातून त्याला उष्णता जाणवते, म्हणून काळोखातही उंदीर किंवा बेडूक कुठे आहे हे त्याला कळतं. तो शोधायला जात नाही. दबा धरून बसतो. दुसऱ्या रात्री आम्ही पुन्हा तिथून गेलो तेव्हा तो त्याच वेलीवर, तशाच वेटोळ्यात होता. चोवीस तास एकाच पोझिशनवर! ड्रिलमध्ये पाच मिनिटं सावधानमध्ये उभं राहिल्यावर आमच्यातले काही जण डुलायला लागतात. उस्तादांनी हे उदाहरण लक्षात ठेवलं आहे, हे पुढे शाळेत आल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बिगुल नव्हता. त्याऐवजी कोणीतरी शीळ घालत होतं. रमतगमत, सुरात, मधेच विसरल्यासारखी थांबणारी. सगळ्यांना वाटलं आमचा बॅचमेटच आहे. त्याला उस्ताद ओरडलेसुद्धा. तो होता शीळकरी कस्तूर, निळसर काळा पक्षी. पावसाळा हा त्याचा विणीचा काळ, म्हणून तो उजाडण्यापूर्वी गातो. गेली नऊ वर्षं मी 'कस्तुरबा गांधी मार्ग' असा पत्ता लिहीत आलो आहे, आणि कस्तूर नावाचा पक्षी आहे हे मला त्या पहाटे कळलं.

त्या दिवशी हिरण्यकेशीला गेलो. नदीचा उगम एका गुहेतून होतो, तिथे महादेवाचं देऊळ आणि समोर कुंड आहे. त्या कुंडात बोटाएवढा एक मासा राहतो. भाविक कित्येक पिढ्या तिथे येत आहेत, पण तो मासा विज्ञानाला नवा आहे हे २०२० साली जाहीर झालं आणि त्याला 'शिस्टुरा हिरण्यकेशी' हे नाव मिळालं. २०२१ साली राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. जागा किती? दोन हेक्टरांच्या जेमतेम वर. म्हणजे तीन फुटबॉल मैदानं. मी काठावर बसून बघत होतो. वाघ किंवा हत्तीचं रक्षण म्हटलं की शेकडो चौरस किलोमीटर डोळ्यांसमोर येतात. इथे तीन मैदानांवर एका जातीचा हिशेब होता.

दुसऱ्या रात्री सडा. मला वाटत होतं, सगळ्यात आधी मीच तो ओळखेन. पण ते परेड ग्राउंड कुठे गेलं होतं कोण जाणे. दगडातल्या प्रत्येक खळग्यात पाणी होतं, कडेने शेवाळ, मधे इवलीशी रोपं. मी दादांना विचारलं, इथे पिवळे बेडूक असतात का?

दादा थांबले. "तुला कोणी सांगितलं?"

मी बाबांचं सांगितलं. मग त्यांनी सगळ्यांना अर्धवर्तुळात उभं केलं आणि माहिती दिली. हा बेडकांपैकी 'भेक' प्रकारातला प्राणी. दोन पेरांएवढा, अंगावर पिवळे-काळे पट्टे, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याच्या नावात वाघ घातला आहे: 'झँथोफ्राइनी टायग्रिना', मराठीत आंबोली टोड. २००९ साली त्याला हे नाव मिळालं. जगात आंबोली आणि जवळपासचा थोडा भाग सोडला तर तो कुठेही आढळत नाही, आणि तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. पहिला जोराचा पाऊस झाला की नर या सड्यावर येतात आणि ओरडतात. मोजक्या दोन-तीन रात्री. माद्या येतात, डबक्यात अंडी पडतात, आणि सगळे पुन्हा दगडांत आणि पानांत गडप होतात. डबकं आटायच्या आत पिल्लांनी मोठं व्हायचं.

"यंदाच्या रात्री होऊन गेल्या," दादा म्हणाले. "तुम्ही उशिरा आलात."

आम्ही तरी टॉर्च बंद करून दहा मिनिटं उभे राहिलो. पाऊस थांबला होता. चारही बाजूंनी वेगवेगळे बेडूक ओरडत होते, पण दादा प्रत्येक वेळी मान हलवून 'नाही' म्हणत होते. मला बाबांना काय सांगायचं ते कळेना. मग दादांनी एका डबक्यावर तिरका प्रकाश टाकला. बशीएवढं डबकं, पाणी बोटभर खोल. त्यात काळी टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं वळवळत होती. "ही त्यांचीच," ते म्हणाले. मेमध्ये बहुतेक तिथेच कुठेतरी आमचे स्टंप असायचे.

परतताना झाडीत पुन्हा टॉर्च बंद केले. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला अर्धा तासही लागू शकतो. पंधरा-वीस मिनिटांनी जमिनीवर पडलेल्या कुजक्या काटक्या फिकट हिरव्या दिसायला लागल्या. चकाकणारी बुरशी! फोटोत दिसते तेवढी प्रखर नाही, घड्याळाच्या काट्यांना असते तेवढीच. ती टॉर्च लावून दिसत नाही, तो बंद करूनच दिसते. त्या रात्री कोणीही बोललं नाही, आणि तो नियम म्हणून नव्हे.

तिसऱ्या रात्री आम्ही चौकुळच्या बाजूने बसने परत येत होतो. धुकं, पाऊस, अरुंद रस्ता. शनिवार असल्यामुळे धबधबा बघायला आलेल्या गाड्या जोरात जात-येत होत्या. दादांनी बस थांबवायला लावली. समोरच्या प्रकाशात रस्त्यावर काही तरी उड्या मारत होतं. पावसाळ्यात ओला रस्ता बेडकांना दगडासारखाच वाटतो. ते त्यावर येऊन बसतात, आणि रात्रीत किती चिरडले गेले हे सकाळी कळतं. दादा म्हणाले, गावातली काही मुलं पावसाळ्यात रात्री फिरून बेडूक बाजूला करतात, पण ती कुठे कुठे पुरणार?

उस्ताद उभे राहिले. "रोड ओपनिंग पार्टी," त्यांनी हुकूम दिला, "पहिले आठ जण, खाली उतर!"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: काश्मीरसारख्या भागात सेनेचा ताफा निघण्यापूर्वी जवानांची एक तुकडी रस्ता पायी तपासत पुढे जाते, सुरुंग वगैरे नाही ना हे बघते. तिला रोड ओपनिंग पार्टी म्हणतात. उस्तादांनी ते काम प्रत्यक्ष केलेलं आहे. त्यांनी आम्हाला दोन ओळींत लावलं, चार डावीकडे, चार उजवीकडे, नजर स्वतःच्या पट्ट्यावर. मागे बस पहिल्या गिअरमध्ये. बेडूक दिसला की हात वर करायचा, बस थांबणार. ओल्या हाताने त्याला उचलायचं, तो ज्या दिशेला तोंड करून होता त्याच बाजूला रस्त्याबाहेर ठेवायचं, हात खाली, बस पुढे. दर दहा मिनिटांनी पार्टी बदलायची. दोन किलोमीटर अंतराला आम्हाला एक तास वीस मिनिटं लागली. मागून आलेल्या दोन गाड्यांनी हॉर्न वाजवले. तिसऱ्या गाडीतल्या काकूंनी विचारलं, काय झालं? कळल्यावर त्यांचीही गाडी आमच्या मागे गोगलगाईसारखी यायला लागली.

एकूण ६३ उचलले. एकोणिसावा माझ्या पट्ट्यावर होता. लहान, रुंद डोक्याचा, बाजूला पिवळसर पट्टे. मी हात वर केला आणि तसाच उभा राहिलो. दादा धावत आले, वाकून बघितलं आणि नुसतं "हो" म्हणाले. तो माझ्या तळहातावर तीन-चार सेकंद असेल. त्याचा घसा हलत होता, पण तो ओरडला नाही. मी त्याला जांभ्याच्या कडेला ठेवलं.

रविवारी बाबांना फोन केला. सांगितलं: ओरडताना ऐकू आले नाहीत, त्यांच्या रात्री संपल्या होत्या. पिल्लं पाहिली आणि एक मोठा हातात घेतला.

"आसत ना?" बाबा म्हणाले. "मग झाला."

बाबांनी हे का विचारलं होतं ते मला दिवाळीच्या सुटीत कळलं. गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीनला उतरलो. दिल्लीची हवा इतकी खराब होती की आईने आधी मास्क हातात दिला आणि मग जवळ घेतलं. दुसऱ्या दिवशी बाबांची ड्यूटी संपल्यावर आम्ही दोघं कस्तुरबा गांधी मार्गावरून चालत निघालो. हा रस्ता कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटकडे जातो. पूर्वी त्याचं नाव कर्झन रोड होतं. आपलं नवीन महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे. शिबिरानंतर मला या भागातली झाडं वेगळी दिसायला लागली आहेत. नवी दिल्ली वसवताना एकेका रस्त्याला बहुतेक एकेकाच जातीची झाडं लावली गेली: जनपथाला अर्जुन, अकबर रोडला चिंच, कर्तव्य पथाला जांभूळ. सगळी सरळ रांगेत, सारख्या अंतरावर, फॉल-इन झाल्यासारखी. आंबोलीतही जांभूळ आहे, पण तिथे त्याच्या अंगावर वेल आहेत, बुंध्यावर शेवाळ आहे, पायाशी कोण राहतं याची यादी अजून पूर्ण झालेली नाही.

याच रस्त्यावर ब्रिटिश कौन्सिलची इमारत आहे. चार्ल्स कोरिया यांनी ती बांधली. तिच्या दर्शनी भिंतीवर हॉवर्ड हॉजकिन या चित्रकाराने काळ्या दगडात आणि पांढऱ्या संगमरवरात एक भलंमोठं झाड पसरवलं आहे. बाबा रोज त्याच्यासमोरून गाडी नेतात. तिथे आम्ही थांबलो. बाबा म्हणाले, लग्नाआधी ते आंबोली घाटात टेम्पो चालवायचे. पहिल्या पावसाच्या रात्री सड्यालगतच्या रस्त्यावर पिवळे बेडूक इतके असायचे की टायरखाली आवाज यायचा. "नाव म्हायत नव्हता. बेडूक तो बेडूक. माल येळेत पोचवचो होतो. कोणच थांबत नव्हतो, मी पण नाय." मग ते दिल्लीला आले. काही वर्षांनी गावच्या कोणाकडून त्यांनी ऐकलं की तो बेडूक जगात दुसरीकडे कुठे नाही. तेव्हापासून ते दर जूनमध्ये काकांना फोनवर विचारायचे, पण काका लवकर झोपतात.

मी त्यांना रोड ओपनिंग पार्टीचं सगळं सांगितलं. ते ड्रायव्हर असल्यामुळे त्यांचे प्रश्नही तसेच होते. बस कितव्या गिअरला होती? फॉग लाइट होते का? मागून येणाऱ्यांना इशारा कोण देत होतं? शेवटी म्हणाले, "ताशी वीसच्या खाली गाडी आसली तर बेडूक दिसता. वर गेली की नुसतो रस्तो दिसता." आणि पुढे चालता चालता सांगितलं, की पुढच्या वर्षी ते रजा मेमध्ये घेणार नाहीत, जूनमध्ये घेतील.

पुढच्या जूनमध्ये आपल्या शाळेची नवी बॅचही आंबोलीला जाईल. त्यांच्यासाठी चार गोष्टी लिहून ठेवतो. शिबिर शक्य असेल तर पहिल्या जोराच्या पावसाबरोबर ठेवा, तारीख बघून ठेवू नका; आपल्या सरांनी हे मान्य केलं आहे. हाताला डास पळवायचं मलम लावलं असेल तर बेडकाला हात लावू नका, त्याच्या कातडीतून ते आत जातं. सड्यावर चालताना डबकी टाळा, ती डबकी नाहीत, पाळणाघरं आहेत. आणि परतीच्या रस्त्यावर बसच्या पुढे जे आठ जण चालतील त्यांनी गप्पा मारू नयेत. बाबांनी विचारलेला आवाज आम्हाला ऐकू आला नाही. तुम्हाला आला, तर मला कळवा.